खोटं बोलणारं यंत्र

जीप दारात थांबली तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. एका हातात भाकरतुकडा, दुसऱ्या हातात धुपाटणं. धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर तिनं वावडिंग, ओवा आणि बाळंतशेपा टाकला होता आणि त्याचा धूर आळीभर पसरला होता. बाळ बघायला आलेल्या बायका दोन्ही बाजूंना उभ्या होत्या.

"आई, ते आधी विझव," मी जीपमधूनच म्हणाले.

"आगं, दिष्ट तर काढू दे. एकाहत्तर दिसांनी लेकरू घराला आलंय."

"विझव म्हणते ना. तोवर मी खाली उतरणार नाही."

माझ्या मांडीवर एक किलो नऊशे ग्रॅमची माझी मुलगी होती. तिच्या नाकाला नळी होती आणि नळीचं दुसरं टोक पायाशी ठेवलेल्या छोट्या सिलिंडरला. आईनं एकदा त्या नळीकडे पाहिलं, एकदा बायकांकडे पाहिलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि धुपाटण्यावर ओतला. निखारे चरचरले. धूर बंद झाला आणि आईचं तोंडही.

ज्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही त्यांना हा अपमान किती मोठा होता ते कळायचं नाही. आमच्या इस्लामपुरात आनसाबाई म्हटलं की लोकांना बाळाची अंघोळ आठवायची. माझे वडील लवकर गेले. तेव्हापासून आई बाळ-बाळंतिणीचं करायची. रोज सकाळी चार घरं. पाय लांब करून पाटावर बसायचं, त्या पायांवर बाळाला घ्यायचं, तेल लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि शेवटी शेगडीवर धुरी द्यायची. मालीश काय, कुणीही करतं. पण धुरी द्यावी ती आनसाबाईनं, असं बायका म्हणायच्या. तिच्या धुरीनं बाळ सहा-सहा तास झोपतं, सर्दी जवळ येत नाही. मी त्या धुरीवर वाढले आणि त्या धुरीवर शिकलेही.

शिकून मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. उसाचा रस यायचा, मी तो तपासायची आणि त्यातल्या साखरेचा आकडा लिहायची. साहेब म्हणाले आकडा वाढव, तरी मी वाढवत नसे. "बाई लई ताठ हाय," असं माझ्यामागं बोललं जायचं. आता जशी खाण तशी माती. आनसाबाईची लेक मऊ कुठून निघायची?

मुलगी साडेसहा महिन्यांचीच जन्मली. जन्मतः वजन नऊशे चाळीस ग्रॅम. मिरजेच्या दवाखान्यात ती पाच आठवडे श्वासाच्या मशीनवर होती, मग नुसत्या ऑक्सिजनवर. घरी सोडताना डॉक्टर बेलवलकर मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

"सारिका, हिची फुप्फुसं तयार व्हायच्या आधीच हिला श्वास घ्यावा लागला. मशीननं तिला जगवलं, पण त्याच मशीननं फुप्फुसांना इजाही केली. हा आजार लगेच बरा होणारा नाही. पण एक चांगलं आहे. या वयात फुप्फुस अजून उगवत असतं. नवा भाग येत राहतो, दोन-तीन वर्षं येत राहतो. आपण फक्त त्याला उगवू द्यायचं."

"मी काय करू?"

"धूर नको. कसलाही. उदबत्ती, धूप, फोडणीचा ठसका, काही नको. सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको. ऑक्सिजनजवळ विस्तव तर अजिबात नको, पेट घेईल. आणि हा आकडा बघत राहायचा." त्यांनी तळहाताएवढं यंत्र माझ्या हातात दिलं. त्याची मऊ पट्टी बाळाच्या तळपायाला गुंडाळायची, की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दिसायचं. "ब्याण्णवच्या वर हवा. खाली गेला तर मला फोन."

"आणि फोन करूनही नाही चढला तर?"

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. "मग पुन्हा मशीन. आणि पुन्हा मशीनवर गेली तर त्यातून निघेलच असं मी तुला सांगणार नाही."

हे सगळं मी आईला त्याच दिवशी स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. ती खोकत खोकत ऐकत होती. आईचा खोकला आमच्या घरात कितीतरी वर्षांपासून बिऱ्हाडाला होता, त्याची कुणाला दखलही नव्हती.

"धुरी न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही."

"शेक तरी?"

"शेगडीच नाही. घरात विस्तव म्हणजे फक्त गॅस, तोही दार लावून. फोडणी नाही. देवाला उदबत्ती नाही."

"आन् माझा देव?"

"देवाला फूल वाहा."

आई पदरानं तोंड पुसत राहिली. "न्हाऊ तर मीच घालनार. तीनशे पोरं न्हाली या पायांवर."

"तुला खोकला आहे. खोकला जाईपर्यंत तू तिला घ्यायचं नाहीस."

हे बोलताना मला वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून रसाचा आकडा बदलत नाही, तशी मी त्या दिवसांत झाले होते. आई ओट्याला टेकली. मग म्हणाली, "धुनं तरी धुऊ देतीस का? दुपटी-लंगोट?"

"ते धू."

"जोतिबाची आन, सारके," ती म्हणाली. "तुझ्या लेकीच्या अंगाला मी धूर लावनार न्हाई. पर तूबी एक ध्येनात ठेव. धुरी बंद करनारी तू, उद्या लेकरू कन्हलं तर मला इचारायचं न्हाई."

दिगंबर, माझा नवरा, जतला वीज मंडळात लाइनमन होता. त्याला सुट्टी रविवारची. लाइट जाण्यानं माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो हे रोज बघणारा माणूस तो. त्यानं पहिल्याच रविवारी इन्व्हर्टर बसवला, ऑक्सिजनचं मोठं यंत्र त्याला जोडलं आणि वर राखीव सिलिंडर आणून ठेवला. जाताना म्हणाला, "विजेचं माझ्याकडं लागलं. श्वासाचं तुझ्याकडं."

मी वही सुरू केली. दर दोन तासांनी आकडा. पहिल्या आठवड्यात पंच्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव. पाव लिटर ऑक्सिजनवर मुलगी छान होती. दूध पिताना मध्येच थांबायची, चार श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. चिवट होती. तिला अजून नाव नव्हतं. बारसं नळी निघाल्यावर करायचं, असं मी जाहीर केलं होतं.

नवव्या दिवशी चौऱ्याण्णव. बाराव्या दिवशी त्र्याण्णव.

मी धूर शोधायला लागले. गळीत हंगाम चालू होता. आमच्याच कारखान्याच्या धुराड्यातून भुशाची काळी राख उडायची आणि वाळत घातलेल्या धुण्यावर पडायची. मी आईला बजावलं, धुणं बाहेर वाळत घालायचं नाही. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. शेजारच्या सुतारमावशींकडे जाऊन संध्याकाळचा धूप बंद करा म्हणून सांगितलं. पलीकडच्या आळीत ऊसतोडीवाल्यांनी चुली मांडल्या होत्या, त्यांना दोनशे पावलं लांब जायला लावलं. ती माणसं बिचारी दगड उचलून गेली. एका बाईच्या कडेवर माझ्या मुलीपेक्षा थोरलं तान्हं पोर होतं, त्याच्या नाकाशी चुलीचा धूर होता, आणि मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी नजर वाऱ्याच्या दिशेवर होती.

पंधराव्या दिवशी एक्क्याण्णव. मॅडमनी फोनवर ऑक्सिजन वाढवायला सांगितला नाही, आधी नळी तपास म्हणाल्या. नळी बरोबर होती. वहीत बघितलं तर एक गोष्ट दिसली. कपडे बदलले की आकडा दोनानं खाली यायचा आणि मग बराच वेळ वर यायचा नाही. मी समजले, हाताळल्यामुळं दमत असेल. बदलायचं कमी केलं. ओलं झालं तरच बदलायचं.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला एकच विसावा होता. कपडे बदलून तिला कोरड्या, ऊबदार दुपट्यात गुंडाळलं की मी नाक तिच्या पोटाशी न्यायची. बाळाचा तो वास. तो वास आला की माझी पाठ सैल व्हायची.

सतराव्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता मुलीच्या ओठांभोवती निळसर झाक दिसली. छातीच्या फासळ्यांखाली खळगे पडत होते. मी पट्टी पायाला लावली. अठ्ठ्याऐंशी.

फोन लावला. मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता. "ताप?"

"नाही."

"नाक वाहतंय? दूध पिते?"

"नाक कोरडं आहे. दूध निम्मं."

"ऑक्सिजन अर्धा लिटर कर. नव्वदच्या वर आला तर उद्या सकाळी घेऊन ये. नाही आला तर आत्ताच नीघ. आणि सारिका, संसर्ग दिसत नाही. तुझ्या घरात धूर आहे. कुठून येतोय ते शोध."

"मी सगळं बंद केलंय, मॅडम."

"मग काहीतरी राहिलंय."

मी अर्धा लिटर केला. एकोणनव्वद. त्याच वेळी परसदारानं आई आत आली. दोन्ही हातांवर दुपट्यांची चळत, वर लंगोटांची घडी. मी तिच्यावर तुटून पडले.

"तू धुरी दिलीस."

"काय?"

"मी आंघोळीला जाते तेव्हा. मी डोळा लावते तेव्हा. तू तिला धुरी देतेस. तुझ्याच्यानं राहवलं नाही. सगळ्या गावाच्या पोरांना दिलीस आणि नातीला नाही, हे तुझ्या नाकाला झोंबलं."

आईनं चळत खाटेवर ठेवली. "जोतिबाची आन घेटलीया मी. लेकराला हातबी न्हाई लावला. तू लावू दिला न्हाईस. सतरा दिस मी माजी नात लांबनं बगतीया आन् तू मला चोर म्हनतीस?"

"मग आकडा का पडतोय?"

"त्यो आकडा!" आई आता खरी पेटली. "सकाळ-संध्याकाळ तुझा त्यो आकडा! पोरीच्या तोंडाकडं बघ की जरा. आगं, यंत्रच खोटं बोलत आसंल. बिघडलं आसंल. यंत्र बिघडत न्हाई व्हय?"

"नाही बिघडलेलं."

"आन तिकडं. मला लाव."

"आई, हा काय पोरखेळ—"

"मला लाव म्हनते. हातच्या कांकनाला आरसा कशाला? मी धडधाकट हाय. पाटं चारला उठती, चार घरं करती, दोन घागरी पानी वडती. माझा आकडा बरूबर आला तर तुझं यंत्र खरं."

मी रागानंच मुलीच्या पायाची पट्टी सोडली आणि आईच्या बोटाला गुंडाळली. तांबडा दिवा लागला. आकडा थोडा वेळ हलला आणि थांबला.

शहाऐंशी.

आईला आकडे वाचता येत होते. तिचा चेहरा एकदम उजळला. "बग! बगितलंस? मी तुझ्याफुडं उभी हाय, बोलतीया, भांडतीया, आन् ह्ये म्हनतंय माझं तुझ्या लेकीपरीस कमी! खोटारडं हाय त्ये. फेकून दे आन् दुसरं आन."

क्षणभर मलाही तसंच वाटलं, आणि इतकं हलकं वाटलं की रडू फुटेल असं झालं. यंत्र बिघडलंय. मुलगी ठीक आहे. पण प्रयोगशाळेत एक सवय लागलेली असते. आकड्याचा संशय आला तर दुसरा नमुना घालून बघायचा. मी आईच्या बोटाची पट्टी काढली आणि माझ्या बोटाला लावली.

नव्याण्णव.

मी पट्टी पुन्हा आईला लावली. शहाऐंशी. दुसऱ्या हाताला लावली. शहाऐंशी.

आई आकड्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा विजय हळूहळू उतरला. ती हुशार बाई होती, माझ्यापेक्षाही हुशार. तिला शिकवलं कुणी नव्हतं एवढंच.

"तुझं नव्याण्णव," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे ह्ये खरं बोलतंय."

ती खाटेच्या कडेला बसली. बसताना तिला धाप लागली. ती धाप मी वर्षानुवर्षं ऐकत होते. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबणं, बोलता बोलता वाक्य तोडणं. आईचं वय झालं, असं मी म्हणायची. वय होतं अठ्ठावन्न.

"डाक्तरीन धूर म्हनाली नव्हं?" आईनं विचारलं. "पर मी बिडी वडत न्हाई. घरात गॅस आला त्याला वीस वर्सं झाली. मंग माझ्यात धूर कुठनं आला?"

"आई, तू रोज चार घरं करतेस. शेगडीवर वाकून. तीस वर्षं."

हे मी म्हटलं आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं. आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. ती स्वतःचा विचार करतच नव्हती.

"पाटलाचा किरन," ती म्हणाली. "लई धापायचा बारका आसताना. रोज दोनदा देत हुते त्याला. आन् कुंभाराची जुळी. त्यांच्यात बी...?"

"मला माहीत नाही, आई."

"न्हाई कसं? तू शिकलीस."

"खरंच माहीत नाही."

ती उठली. खाटेवरच्या चळतीतलं वरचं दुपटं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ह्ये हुंग."

"कशाला?"

"हुंग म्हनते."

मी दुपटं नाकाशी धरलं. ऊबदार, मऊ, ओळखीचं.

"कसला वास येतोय?"

"बाळाचा," मी म्हणाले.

"न्हाई, बाई," आई म्हणाली. "वावडिंगाचा."

मी पुन्हा हुंगलं. काहीच वेगळं लागेना. तोच वास, मुलीच्या पोटाचा, माझ्या विसाव्याचा. मी ते दुपटं घेऊन परसात गेले, बाहेरच्या हवेत दहा-बारा श्वास घेतले आणि परत नाकाशी धरलं. मग कळलं. धूर. ओवा, वावडिंग आणि जळक्या कोळशाचा नुसता धूर, दुपट्याच्या सुतासुतात बसलेला. परसाच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडामागं, विझत आलेली शेगडी होती आणि तिच्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली. टोपलीवर दोन लंगोट अजून वाळत होते.

"बाहेर वाळत घालू नगं म्हनलीस," आई दारातून म्हणाली. "थंडीचे दिस. घरात धुनं वाळंना. आदी दोन-चार कापडंच टोपलीवर टाकायची, मंग समदीच टाकाय लागले. आन् म्हनलं, लेकराच्या अंगाला न्हाई तर न्हाई, कापडाला तरी धुरी लागू दे. कापडाची आन मी घेटली नव्हती." ती उंबऱ्यावर बसली. "चांगलंच करतीया आसं वाटलं गं मला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारखान्याचं धुराडं, सुतारमावशींचा धूप, ऊसतोडीवाल्यांच्या चुली, सगळं मी धुंडाळलं. आणि धूर मी स्वतःच्या हातानं, दिवसातून सहा वेळा, मुलीभोवती गुंडाळत होते. वर तो हुंगून समाधान मानत होते. मी आईला चोर म्हटलं होतं. चोरी झालीच असेल तर माझ्या नाकासमोर झाली होती, आणि त्या नाकाला ती ओळखता आली नव्हती, कारण ते नाक त्याच धुरीवर वाढलेलं होतं.

रडायला वेळ नव्हता. मॅडमना फोन केला; त्या म्हणाल्या, कपडे बदल, पाचपर्यंत नव्वदच्या वर आला नाही तर नीघ. "आई, दिगंबरनं आणलेला टॉवेल कुठाय? पिशवीतला, न फोडलेला."

"कपाटात. वरच्या फळीला."

मुलीच्या अंगावरचं सगळं उतरवलं. कोमट पाण्यानं पुसून घेतली आणि त्या नव्या टॉवेलात गुंडाळली. अंथरूण काढलं, दुसऱ्या खोलीत यंत्र सरकवलं. आईनं चळत उचलली आणि परसात नेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं आधी शेगडीवर दोन बादल्या पाणी ओतलं. मग सगळी दुपटी, लंगोट, टोपडी, झबली मोठ्या पातेल्यात घातली आणि आत येऊन, दार लावून, गॅसवर उकळायला ठेवली. एकदा उकळली, पाणी फेकलं. दुसऱ्यांदा उकळली. मध्ये मध्ये थांबायची, ओट्याला धरून श्वास घ्यायची आणि पुन्हा पिळायला लागायची. मी म्हटलं, "बस जरा." ती म्हणाली, "तू तुझा आकडा बघ."

साडेचारला नव्वद. पाचला एक्क्याण्णव. आईनं ओली दुपटी एकेक करून इस्त्रीनं वाळवायला घेतली होती. इस्त्री तिनं जन्मात धरली नव्हती; दोन ठिकाणी भाजून घेतलं. प्रत्येक दुपटं झालं की ते माझ्याकडं न आणता सुतारमावशींकडं न्यायची आणि म्हणायची, "हुंगून सांग गं, कसला वास येतो? माझ्या नाकाचा भरोसा न्हाई."

सहाला त्र्याण्णव. खळगे भरले होते. मुलगी दूध ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला दोन दिवस नजरेखाली ठेवून घेतलं. मशीन लागलं नाही. मग त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, छाती तपासली, एका नळीत फुंकायला लावलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमचाही जुना फुप्फुसाचा आजार आहे. धुराचा. नातीचं फुप्फुस अजून उगवतंय. तुमचं आता उगवणार नाही. पण उरलंय तेवढं राखता येईल, औषध घेतलं आणि धूर सोडला तर."

"माझं ऱ्हाऊ दे, बाई," आई म्हणाली. "तिचं उगवतंय नव्हं?"

पुढच्या सोमवारी आई तिच्या चार घरी गेली. मला वाटलं, काम सोडते म्हणून सांगायला गेली असेल. तशी ती नव्हती. पहिल्याच घरी न्हाणं उरकून तिनं सांगितलं की आजपासून शेगडी नाही. घरची म्हातारी म्हणाली, "धुरीबिगर कसलं आलंय न्हानं? लोक काय म्हनतील?" आई म्हणाली, "लोकांस्नी माझ्याकडं धाडा. मी सांगती." दोन घरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती तरी गेली, न्हाऊ घालायला नाही, दारात उभं राहून सांगायला. मग ज्या ज्या घरात तान्हं मूल होतं तिथं तिथं गेली. ऊसतोडीवाल्यांच्या चुलींपाशीही गेली, त्या बाईला पोर वाऱ्याच्या उलट अंगाला झोपवायला लावून आली. लोक हसले. ज्या बाईनं तीस वर्षं गावाला धुरी दिली तीच आता धुराविरुद्ध बोंब मारत फिरते, म्हणून. हसणाऱ्यांना ती म्हणायची, "मी दिली म्हनूनच मी सांगनार. दुसरं कोन सांगनार?"

मुलीची नळी सहाव्या महिन्यात निघाली. बारशाला आईनं तिला पहिल्यांदा पायांवर घेतलं आणि न्हाऊ घातलं. खोकला गेला नव्हता. मॅडमनीच परवानगी दिली होती, तो खोकला लागण्यातला नाही म्हणून. तिनं तोंडाला फडकं बांधलं होतं. न्हाणं झाल्यावर सवयीनं तिचा हात शेगडीच्या बाजूला गेला, थांबला, आणि तिनं दुपटं उचललं. सुतारमावशींनी हुंगलेलं.

याला आता दहा वर्षं झाली. रेवा पाचवीत आहे. थंडीत तिला अजून जरा घरघर होते आणि पळताना ती वर्गात शेवटची येते, पण पळते. ऑक्सिजनचं मोठं यंत्र माळ्यावर होतं, ते दोन वर्षांपूर्वी दिगंबरनं खाली काढलं, पुसलं आणि आईच्या खाटेशी लावलं. तीच नळी, जरा मोठी.

शाळेला जाण्याआधी आजीचा आकडा घ्यायचं काम रेवाचं. माझ्या जुन्या वहीतली पानं शिल्लक होती, त्यातच ती लिहिते. आज सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं आजीच्या बोटाला यंत्राचा चिमटा लावला होता आणि कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"आजी, नव्वद. कालपेक्षा कमी आहे. तू परत नळी काढून परसात गेली होतीस."

"न्हाई गं बाई. यंत्र खोटं बोलतंय तुझं."

"हो? मग मला लाव."

आईनं चिमटा स्वतःच्या बोटाचा काढला आणि नातीच्या बोटाला लावला. आकडा थोडा वेळ हलला आणि थांबला. अठ्ठ्याण्णव. आईनं यंत्र हातात धरून डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला आणि तो आकडा पुरेसा वेळ बघून घेतला.

"आता खरं बोलतंय," ती म्हणाली.